विडीची सवलत कोणाच्या पदरात?

2025 साली दिवाळीच्या आधीच सरकारने बचतीचा उत्सव जाहीर केला. 22 सप्टेंबरपासून टूथपेस्ट, साबण, शाम्पू यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तूप-लोण्यावरचा 12 वरून 5 वर, मोठ्या टीव्हींवरचा आणि छोट्या गाड्यांवरचा 28 वरून 18 वर. दुकानांत जुन्या-नव्या किमतींचे फलक लागले. वाण्याच्या यादीत चार पैसे वाचले तर वाईट कोणाला वाटेल? पण 3 सप्टेंबरला, गणपती अजून बसलेले असताना, जीएसटी परिषदेने जी लांबलचक यादी मंजूर केली तिच्यातल्या एका ओळीबद्दल फारसं कोणी बोललं नाही. विडीवरचा कर 28 वरून 18 टक्के. ती ज्या पानात वळतात त्या तेंदूपत्त्यावरचा 18 वरून 5 टक्के. सिगारेट, जर्दा, पानमसाला यांच्यासाठी मात्र 40 टक्के. तंबाखूचे हे नवे दर तेव्हा लगेच लागू झाले नाहीत. राज्यांना जीएसटीमुळे झालेल्या नुकसानाची भरपाई देण्यासाठी केंद्राने काढलेलं कर्ज फिटेपर्यंत जुनेच दर चालतील, असं ठरलं. म्हणजे निर्णय झाला होता, मुहूर्त निघायचा होता.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर विडी कशाला, असं कोणी विचारेल. लक्ष्मीपूजन हा हिशेबाचा सण आहे, वह्या या दिवशी पुजतात, म्हणून एका हिशेबाने अंक उघडायला हरकत नसावी. आणि मराठी दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. तंबाखूची जाहिरात 2003 च्या कायद्याने बंद झाली, तरी तेच नाव, तेच वेष्टन आणि आत म्हणे वेलची, अशी जाहिरात अधूनमधून दार ठोठावत असतेच. ती या अंकात नाही. तेव्हा विषय आमच्या घरापासूनच सुरू होतो.

‘गरिबांचं व्यसन आहे, त्यावर कर लावला तर गरीबच भरडला जाईल’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खरं वाटतं. अर्धं ते खरं आहेही. आधी तो अर्धा भाग बघू.

आकडे सोपे धरू. एक घर महिन्याला 15,000 रुपयांत चालतं आणि त्यातले 600 रुपये विडी-तंबाखूत जातात, म्हणजे 4 टक्के. दुसऱ्या घरात महिन्याला दीड लाख येतात आणि 2,400 रुपयांच्या सिगारेटी ओढल्या जातात, म्हणजे दीड टक्क्याहून थोडं जास्त. करामुळे दोन्हींची किंमत पावपट वाढली आणि कोणीच काही कमी केलं नाही, तर पहिल्या घराला 150 रुपये जादा पडले, दुसऱ्याला 600. रुपयांत श्रीमंताने चौपट भरले. पण पहिल्या घरातून मिळकतीचा शंभरावा हिस्सा गेला आणि दुसऱ्याला त्याच्या निम्माही जाणवला नाही. 150 रुपये म्हणजे पहिल्या घरात मुलाच्या वह्या किंवा आठवड्याचं दूध. दुसऱ्या घरात तेवढ्याची दखलही घेतली जाणार नाही.

हे निव्वळ कागदावरचं गणित नाही. केंद्राच्या 2022-23 च्या घरखर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारताने पान, तंबाखू आणि मादक पदार्थ या रकान्यात 3.79 टक्के खर्च केला आणि शिक्षणावर 3.30 टक्के. शहरांत पहिला आकडा 2.43, तर शिक्षणाचा 5.78. या रकान्यात दारूही धरलेली आहे हे खरं, पण तरीही तो उतारा दोनदा वाचावा असा आहे. माणशी मासिक खर्चावरून रुपये काढले तर खेड्यात या गोष्टींवर साधारण 143 रुपये जातात आणि शहरात 157. रुपये जवळपास सारखेच, पण ज्या थैलीतून ते निघतात तिचा आकार वेगळा.

इथपर्यंत विडीवाल्याची बाजू घेणारे बरोबर आहेत. ते थांबतात तिथून पुढे हिशेब बदलतो, कारण किंमत वाढल्यावर माणसं होती तशीच वागत नाहीत. रिजो जॉन या अर्थतज्ज्ञाने 2008 साली राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष असा, की विडीची किंमत 10 टक्क्यांनी वाढली तर विडीचा खप सुमारे 9 टक्क्यांनी घटतो. पानाच्या तंबाखूचंही तसंच. सिगारेटचा खप मात्र जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी हलतो. ज्याच्या खिशात मोजके पैसे असतात त्याला किंमत लगेच टोचते. जो हातात येईल ती नोट पुढे करतो, त्याला पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत पत्ता लागत नाही.

आता तेच दोन संसार पुन्हा बघा. पावपट वाढीनंतर पहिल्या घराचा खर्च 750 होत नाही, कारण विडी पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच कमी होते. तो 580 रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे होता तेवढाच किंवा थोडा कमी. दुसऱ्या घराचा खर्च 2,850 वर जातो. वाढलेल्या कराचा भार श्रीमंताच्या खांद्यावर आणि कमी झालेल्या धुराचा फायदा गरिबाच्या छातीला. करवाढीच्या बाजूने बोलणाऱ्या डॉक्टरांचा सगळा युक्तिवाद या एका पायरीवर उभा आहे आणि ती पायरी पक्की आहे.

पण सरासरी या शब्दापाशी थोडं थांबलं पाहिजे. आळीतले दहा विडीवाले प्रत्येकी आपापला कट्टा मोजून पाचवा भाग कमी करत नाहीत. एखादा सोडून देतो, दोघे-तिघे निम्म्यावर येतात आणि उरलेले जसेच्या तसे ओढत राहतात. जो सोडतो त्याच्या घरात महिन्याला 600 रुपये नव्याने येतात. जो सोडू शकत नाही त्याच्या घरातून 150 जादा जातात, आणि ते त्याच्या नव्हे, बायकोच्या हातखर्चातून जातात. सरासरी काढली की या दोन्ही घरांचं एक सुखी घर होतं, आणि असं घर गावात कुठेच नसतं. तंबाखूच्या कराने गरीब आणि श्रीमंत यांच्यात काय होतं हे पुष्कळांनी मोजलं आहे. गरिबा-गरिबांत काय होतं, ते त्याहून महत्त्वाचं आहे आणि तिथे सरकारचं काम सुरू होतं.

न सोडणारा का सोडत नाही? मध्यमवर्गीय दिवाणखान्यात याचं उत्तर तयार असतं: यांना पैसे पुरत नाहीत, पण तंबाखूला बरे पुरतात. हे बोलणाऱ्याने एकदा ऊसतोडीच्या फडावर पहाटे जावं. थंडीत, अंधारात कोयता हातात घ्यायचा, वाढं बांधायचं, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या, आणि भाकरी सुटायला अजून चार तास. तंबाखूची चिमूट चुन्यात मळून दाढेत धरली की भूक मरते, अंगात तरतरी येते, आणि तिला चहापेक्षा कमी पैसे लागतात. हमाल, ट्रकचालक, रात्रपाळीचा पहारेकरी, बांधकामावरची बाई, सगळ्यांचं हेच. व्यसन म्हणून सुरू होण्याआधी ते कामाचं साधन म्हणून हाताला लागतं. हे समजून न घेता लावलेला कर म्हणजे ज्याला पर्याय दिला नाही त्याला केलेला दंड. आणि हे समजून घेतल्याच्या आविर्भावात तंबाखू स्वस्त ठेवणं म्हणजे त्याची भूक आपण तंबाखूवर भागवली असं म्हणणं. दुसरा प्रकार आपल्याकडे दयाळूपणा म्हणून खपतो.

त्या दयेची किंमत परळला कळते. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, विदर्भ-मराठवाड्यातून आणि बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने मुक्काम करतात. जबड्याच्या, जिभेच्या, गालाच्या कर्करोगाचे रुग्ण त्यांत किती असतात, हे तिथून चालत गेलेल्याला मोजावं लागत नाही. नाकातून नळी लावलेले चेहरे दिसतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होते, चांगली होते. पण रुग्णाची बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या भावाची बुडालेली मजुरी, रेल्वेचं भाडं, गावाकडे विकलेली शेळी, दर तपासणीचा हेलपाटा, यांतलं काही कुठल्या योजनेत बसत नाही. दीड लाखाच्या घरातही हा आजार येतो. तिथे विमा असतो, आजार लवकर ध्यानात येतो, आणि घर विकावं लागत नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता, की तंबाखूवरचा खर्च आणि तिच्यामुळे होणारा औषधपाण्याचा खर्च वजा केला तर भारतात आणखी दीड कोटी माणसं दारिद्र्यरेषेखाली जातात. सरकारी मोजणीत ती रेषेच्या वर असतात.

2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने भारत धरून 13 देशांचा एक अंदाज छापला. सिगारेटची किंमत निम्म्याने वाढली तर काय होईल, असा प्रश्न होता. सगळ्यांत गरीब पाचव्या हिश्शातल्या पुरुषांच्या वाट्याला वाचलेल्या आयुष्यवर्षांपैकी 31 टक्के येतात आणि जादा करापैकी 10 टक्केच त्यांना भरावे लागतात, असं उत्तर निघालं. तिथे सिगारेटचा विचार होता. आपल्याकडे गरीब मुळात सिगारेट ओढतो कुठे? 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार भारतात 7.7 टक्के प्रौढ विडी ओढतात, सिगारेट 4 टक्के. रोज सिगारेट ओढणाऱ्याचा महिन्याचा सरासरी खर्च 1,192 रुपये होता, विडी ओढणाऱ्याचा 284. आणि महाराष्ट्रात तर धूर हा मुद्दाच बाजूला पडतो: इथे 3.8 टक्के लोक ओढतात आणि 24.4 टक्के लोक खातात, चघळतात, दातांना लावतात.

आता हा निर्णय झाला तेव्हाची आपली करव्यवस्था बघा. सिगारेटच्या किरकोळ किमतीत कराचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त होता. विडीच्या किमतीत तो 22 टक्के, कारण 28 टक्के जीएसटीखेरीज तिच्यावर जवळपास काही नव्हतं. 2017 साली सिगारेटवर भरपाईचा उपकर बसला, तो विडीवर बसलाच नाही. कराचा वाटा किमान 75 टक्के असावा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. 18 टक्क्यांच्या नव्या दराने विडीतला कराचा वाटा साधारण 15 टक्क्यांवर येतो. सिगारेटचंही सांगून टाकतो: उपकर संपला आणि नुसते 40 टक्के उरले, तर तिच्यावरचा करही आधीपेक्षा कमी होणार होता. ती पोकळी दुसऱ्या कुठल्या कराने भरणार की नाही, हे तेव्हा ठरायचं होतं.

विडीला झुकतं माप देण्याची रीत जुनी आहे. जीएसटी येण्याआधी वर्षाला 20 लाखांपर्यंत विड्या करणाऱ्या कारखानदाराला उत्पादनशुल्क माफ होतं. हेतू छोट्या कारखानदाराला हात देण्याचा. त्याचा एक परिणाम असा, की मोठ्यालाही छोटं दिसण्यात फायदा वाटू लागला. दुसरा परिणाम गिऱ्हाइकापर्यंत गेला. सिगारेट महाग झाली की तिचा गरीब गिऱ्हाईक तंबाखू सोडत नाही, विडीवर येतो. खालची पायरी स्वस्त ठेवून वरच्या पायरीवर कितीही कर लावला तरी माणूस जिन्यावरून बाहेर पडत नाही.

किंमत टोचायची तर ती दिसावी लागते, आणि टपरीवर ती दिसत नाही. राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. आज कुठल्याही एसटी स्थानकाबाहेर उभं राहून बघा. टपरीच्या खांबाला लायटर टांगलेला आहे, काचेच्या बरणीवर उघडं पाकीट ठेवलं आहे आणि गिऱ्हाईक एक मागतो. पाकिटाच्या 85 टक्के भागावर छापलेलं ते भयंकर चित्र टपरीवाल्याकडे तोंड करून असतं. सोडायला मदत हवी असेल तर फोन करा म्हणून छापलेला 1800-11-2356 हा क्रमांकही टपरीवाल्यालाच पाठ व्हायचा. ज्याला एकरकमी पाकीट परवडत नाही, म्हणजे ज्याला टोचावं म्हणून कर लावला, त्याच्यापर्यंत कर, चित्र आणि फोन तिन्ही धड पोचत नाहीत. पुडीचं तंत्र आणखी निराळं. पाच रुपयांची पुडी कर वाढला तरी पाचलाच राहू शकते, आतली तंबाखू तेवढी कमी होते.

आणि बायका? महाराष्ट्रात 16.6 टक्के प्रौढ स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरतात, त्यात मिश्रीचा वाटा मोठा. आठवडी बाजारातून सुटी तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची. सकाळी दात घासायला म्हणून सुरू झालेली डबी दुपारी, संध्याकाळी, कंटाळा आला की उघडते. सासूची सुनेकडे येते. शेतातून आलेल्या पानावर 5 टक्के कर आहे खरा, पण सुट्या मालावर तो कोण कुठे मोजतो? मुंबईतल्या 1,217 गर्भवतींचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं होतं, आणि त्या आया प्रामुख्याने मिश्रीवाल्या होत्या. अर्थमंत्री दर 28 ठेवोत की 40, या बाईच्या तव्यापर्यंत तो पोचत नाही. तिथे आशाताईच पोचू शकते, आणि तिला त्यासाठी कोणी वेळ दिलेला नाही. कराच्या वादात ही बाई कधी येतच नाही, म्हणून मुद्दाम इथे थांबलो.

कर नको, सरळ बंदी घाला, असं म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्राकडे एका तपाहून मोठा अनुभव आहे. जुलै 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. पुढे मावा, खर्रा, सुगंधी तंबाखूही तिच्यात आली. हेतूबद्दल शंका नाही, आणि काही काळ काही ठिकाणी खप घटलाही असेल. पण अहिल्यानगरात मावा आणि नागपूर-चंद्रपुरात खर्रा ज्याला हवा त्याला मिळतो. शेजारच्या राज्यांतून गाड्या येतात, अधूनमधून पकडल्या जातात, बातमी छापून येते. बंदीने किंमत वाढली ती वाढलीच. फरक एवढाच की वाढलेला पैसा तिजोरीत न जाता आणणाऱ्याच्या आणि डोळेझाक करणाऱ्याच्या खिशात जातो. हाही एक करच आहे, तो गरीबच भरतो आणि त्यातून एकही दवाखाना बांधला जात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या सर्वेक्षणात लोकांचा तंबाखूवरचा खर्च दारूवरच्या खर्चाहून कितीतरी मोठा निघाला होता, आणि तो जिल्हा दारूबंदीसाठी ओळखला जातो! तिथे 2016 पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’ हे अभियान गावसभांतून विक्री बंद पाडतं आणि सोडणाऱ्याला उपचार देतं. कायदा कागदावरून खाली उतरवायला किती माणसं आणि किती वर्षं लागतात, ते तिथे दिसतं.

विडीवरचा कर कमी करताना दिलं जाणारं सगळ्यांत वजनदार कारण मात्र ओढणाऱ्याचं नाही, वळणाऱ्याचं आहे. देशात 49 लाखांहून अधिक नोंदणीकृत विडी कामगार आहेत, बहुतेक स्त्रिया, बहुतेक घरी बसून काम करणाऱ्या. सोलापुरात जाऊन हे पाहावं. पद्मशाली विणकर घराण्यांतले पुरुष गिरण्यांत आणि यंत्रमागावर गेले, बायकांच्या मांडीवर सूप आलं. पानं ओल्या फडक्यात भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. दिवसभर मान खाली. संध्याकाळी कारखान्यात माल न्यायचा, तिथे तपासणारा ‘छाट’ म्हणून बाजूला काढेल त्या विड्यांचे पैसे नाहीत. पान कमी पडलं तर पदरचं घालायचं. मजुरी हजारी मोजतात, आणि हजार पुरे करायला लेकीचे हात लागतात.

या बाईच्या पोटावर पाय येईल म्हणून कर कमी ठेवा, असं म्हणतात. तिची भीती खरी आहे, तिच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांना तिच्या जागी बसवलं पाहिजे. पण कर कमी असण्याची ही सगळी वर्षं तिच्या पदरात काय पडलं? 2017 च्या आधी हजार विड्यांमागे 5 रुपये असा विडी कामगार कल्याण उपकर होता. 1976 च्या कायद्याने आलेला. त्यातून कामगारांचे दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत, घरबांधणीला मदत होई. सोलापूरजवळच्या कुंभारीला कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत, 2006 साली विडी कामगार स्त्रियांना मिळालेली 10 हजार घरं, ही त्या काळची. जीएसटी येताना एक देश एक कर या घोषणेत हा उपकर रद्द झाला. योजनांची नावं राहिली, पण त्यांना हक्काचा पैसा उरला नाही. अर्थसंकल्पात काय येईल ते. म्हणजे विडीवरचा जो एकच कर वळणाऱ्या बाईकडे परत जात होता तो काढून टाकला, आणि उरलेला तिच्याच नावाने कमी करायचं ठरवलं. 28 वरून 18 वर आलेले दहा टक्के हजारी मजुरीत उतरतील, अशी अट परिषदेच्या निर्णयात कुठेही नाही.

सिगारेटवरच्या उपकराचं तर काय सांगावं. तो लोकांच्या फुप्फुसांसाठी कधी नव्हताच. जीएसटीमुळे राज्यांचं जे नुकसान होईल ते भरून काढायला तो लावला, आणि कोविडच्या दोन वर्षांत केंद्राने राज्यांसाठी 2 लाख 69 हजार कोटींचं कर्ज काढल्यावर ते फेडायला तो पुढे चालू ठेवला. ओढणाऱ्याने धूर काढला आणि त्यातून कर्जाचे हप्ते गेले. 2017-18 या एका वर्षात तंबाखूजन्य आजार आणि अकाली मृत्यू यांचा देशावर पडलेला बोजा 1 लाख 77 हजार कोटींहून जास्त होता, असा रिजो जॉन आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे. त्या बोज्याशी या उपकराचा कागदोपत्री काहीही संबंध नव्हता.

फिलिपिन्सने 2012 साली कायदा करून हे उलटं केलं. स्वस्त सिगारेटच्या पाकिटावरचा पावणेतीन पेसोंहून कमी असलेला कर पहिल्याच वर्षी 12 पेसो केला, 2017 पर्यंत स्वस्त-महाग भेद मिटवून सगळ्यांवर 30 केला. तंबाखू कंपन्या आणि तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांचे लोकप्रतिनिधी विरोधात होतेच. कायद्यात लिहून ठेवलं की जादा उत्पन्नाचा एक वाटा तंबाखू पिकवणाऱ्या भागांना आणि उरलेल्याचा मोठा हिस्सा गरीब कुटुंबांच्या आरोग्यविम्याला. सरकारने हप्ता भरलेल्या गरीब कुटुंबांची संख्या काही वर्षांत दुपटीहून जास्त झाली. तिथेही जो सोडू शकला नाही त्याला जादा पैसे पडले. पण त्याच्या घराला दवाखान्याचं कार्ड मिळालं, आणि शेतकऱ्याला दुसऱ्या पिकाकडे वळायला काहीतरी मिळालं. आपल्या निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना 1981 साली शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भाव मागताना गोळ्या मिळाल्या होत्या.

म्हणून या अंकाची भूमिका सरळ लिहितो. विडीवरचा दर 18 वर आणायला आमचा विरोध आहे. तो 28 च्या वर आणि सिगारेटच्या जवळ गेला पाहिजे. पण वाढलेल्या करातला ठरावीक, कायद्यात लिहिलेला हिस्सा विडी वळणाऱ्या बाईच्या दुसऱ्या कामासाठी, तालुक्याच्या दवाखान्यातल्या व्यसनमुक्तीच्या गोळ्यांसाठी आणि परळला येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी राखून ठेवल्याशिवाय वाढीला आमचा पाठिंबा नाही. ज्याला सोडता येत नाही त्याचे 150 रुपये घेऊन केंद्राचे हप्ते फेडायचे असतील तर गरिबाचा कैवार घेणाऱ्यांचं म्हणणं उरलेल्या अर्ध्या भागातही खरं ठरेल.

जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे, सगळ्या राज्यांच्या मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे राज्यांना डावलून विडी स्वस्त होत नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, खर्ऱ्याच्या मुलखात. विडीचा दर उतरवणाऱ्या बैठकीत महाराष्ट्राने काय म्हटलं आणि सोलापूरच्या बाईसाठी काय मागितलं, एवढे दोन प्रश्न कोणत्याही पक्षाच्या एखाद्या आमदाराने प्रश्नोत्तराच्या तासाला लावून धरावेत. उत्तर आलं तर आम्ही ते पुढच्या अंकात याच पानावर छापू, नाही आलं तर तसं छापू.